शाई शिरोरेषेपाशी कळते

फाउंटन पेनच्या शाईची चाचणी कशी घ्यायची, याचा जगभर एक ठरलेला रिवाज आहे. सगळी सव्वीस अक्षरं येतील असं एखादं इंग्रजी वाक्य लिहायचं, त्याखाली आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायची, कापसाच्या काडीने शाईचा एक पट्टा ओढायचा, एका कोपऱ्यात पाण्याचे थेंब सोडायचे आणि ओल्या रेघेवरून दर पाच सेकंदांनी बोट फिरवून ती कधी वाळते ते बघायचं. रिवाज वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे लिहिणारा माणूस लिहून झालेल्या अक्षराकडे सहसा परत येत नाही. फार तर आयवर टिंब देतो, टीला आडवी रेघ मारतो आणि पुढे जातो.

आपण मात्र प्रत्येक शब्दाकडे परत येतो. शब्द लिहून झाला की हात पुन्हा त्याच्या सुरुवातीला जातो आणि शिरोरेषा ओढतो. अक्षरांच्या उभ्या रेघा तोवर ओल्याच असतात. निबेची फट त्या प्रत्येक ओल्या टोकावरून जाते आणि तिथे जास्तीची शाई ओतते. कागद चांगला नसेल तर त्या सांध्यांवर शाई फुटते. म्हणजे ‘मुक्काम पोस्ट बेंगळुरू’ एवढं लिहिलं तरी ओल्यावर ओलं असे डझनभर सांधे तयार होतात. इंग्रजीत पानभर लिहून शाईची जेवढी परीक्षा होत नाही, तेवढी मराठीच्या चार ओळींत होते.

हा नुसता देखणेपणाचा मामला नाही. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक डोक्यावरच्या एवढ्याशा मोकळ्या जागेवर उभा आहे. शाई जरा जास्त वाहिली, शिरोरेषा जरा फुगली की ती जागा बुजते. धनाचा घन होतो, भाताचा मात होतो. मी बँकेत नोकरी केली. ‘रक्कम भरा’ ही सूचना ‘रक्कम मरा’ अशी वाचता येईल इतक्या पसरट शाईत लिहिलेली पाहिली आहे आणि खातेदाराने ती मुकाट्याने पाळलेलीही पाहिली आहे.

मोडी लिहिणाऱ्यांनी ही अडचण मुळातच टाळली होती. ते आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं टांगत. हातात बोरू, दौतीत काजळ आणि डिंकाची शाई. काजळ म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही की पाण्याने विरघळत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या रुमालांत बांधलेले कागद आजही वाचता येतात ते त्यामुळेच. 1638 नंतर बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती, तेव्हा इथल्या कचेरीतही असंच लिहिलं जात असणार. ती शाई फाउंटन पेनात भरली तर मात्र पेन कायमचं बसतं. काजळाचे कण निबेला शाई पुरवणाऱ्या फीडच्या केसाएवढ्या खाचांत अडकतात आणि डिंक त्यांना तिथेच चिकटवून टाकतो. पेनाला सहसा पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग लागतो, आणि पाण्यात विरघळलेल्या रंगाला पुन्हा पाण्याचीच भीती असते. निळ्या शाईच्या सगळ्या गुणदोषांचं मूळ या पेचात आहे.

बेंगळुरूत शाईचा विषय काढला की लोकांना नवल वाटतं. हे संगणकांचं गाव. पण पन्नाशीपुढच्या कुणालाही चेलपार्क हे नाव विचारून बघा. शाळेच्या बाकावर जी बाटली कलंडायची, ती पुष्कळदा या बेंगळुरूच्या कंपनीची असायची. पार्करची क्विंक शाई भारतात परवान्याने बनवणारी हीच ती मंडळी. अमेरिकेत क्विंक बाजारात आली 1931 मध्ये. त्याच साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी भावाच्या साथीने ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे कॅमल शाई आणि कॅमलिन उभी राहिली. बंगालात 1934 मध्ये मैत्र बंधूंनी स्वदेशीच्या भरात ‘सुलेखा’ काढली. ती मध्ये बंद पडली, पुन्हा उभी राहिली आणि आता ‘स्वाधीन’, ‘स्वराज’ अशा नावांच्या बाटल्या विकते. एकंदरीत निळी शाई ही आपल्याकडे परक्याची वस्तू कधीच नव्हती. परकी राहिली ती तिची परीक्षा.

ताजी गोष्ट तर आणखी गमतीची आहे. वॉल्टर शेफर यांच्या अमेरिकन कंपनीने 1922 मध्ये ‘स्क्रिप’ नावाची शाई काढली होती. बरोब्बर शंभर वर्षांनी, 2022 मध्ये, तो शेफर ब्रँड बेंगळुरूच्या विल्यम पेन या कंपनीने विकत घेतला. आयोवातल्या एका सराफाने सुरू केलेल्या पेनाची मालकी आता या गावात आहे, आणि इथल्या अर्ध्या लोकांना त्याचा पत्ता नाही.

माझी भाची इथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला शाईचं वेड. तिच्या कपाटात चकाकणाऱ्या, झगमगणाऱ्या, नावातच समुद्र आणि मोरपीस असलेल्या बाटल्यांची रांग आहे. माझा जीव ऑफिसातल्या काळपट निळ्या शाईवर. वाद मिटेना, तेव्हा तिनेच तोड काढली. “मामा, लेबलं झाकू. मग बघू तुझी ऑफिसची शाई किती टिकते ते.” तीन निळ्या शाया सारख्याच औषधी बाटल्यांत ओतल्या गेल्या आणि वर अ, ब, क अशी अक्षरं चिकटवली गेली. पेनं तीन, पण एकाच बनावटीची आणि एकाच जाडीच्या निबेची. कुठली शाई कशात आहे ते तिच्या फोनमध्ये नोंदलेलं, मला ठाऊक नाही. कंपन्यांची नावं मी इथेही घेत नाही. एका बाटलीवरून कारखान्याचा निवाडा करू नये.

सुरुवात केली ती शाळेतल्या प्रयोगाने. गाळण कागदाची पट्टी, खालच्या कडेपासून बोटभर वर शाईचा एक ठिपका, आणि पट्टीची कड पाण्यात. हा कागद मिळवणं हाच एक उद्योग झाला. हे फिल्टर कॉफीचं गाव, पण इथला फिल्टर स्टीलचा, फार तर पितळेचा. कागदी फिल्टर मागितला तर दुकानदार कीव केल्यासारखा बघतो. शेवटी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाला.

पाणी वर चढू लागलं तसा अ शाईचा ठिपका जवळजवळ सबंध उचलला गेला आणि वर जाऊन एक स्वच्छ निळा पट्टा झाला. मागे जांभळट सावलीखेरीज काही उरलं नाही. ही शाळकरी रॉयल ब्लू. तिच्यातला रंग ट्रायअरिलमिथेन घराण्यातला असतो. रेणूच्या मध्यभागी एक कार्बन, त्याला जोडलेली तीन कडी, आणि या सगळ्या जोडणीतून मिळणारा निळेपणा. मधल्या कार्बनवर दुसरं काही येऊन बसलं की जोडणी तुटते आणि रंग जातो. शाई खोडायच्या पेनात सल्फाइट असतं ते याचसाठी. शाई कागदावरून निघून जात नाही, तिथेच राहून बेरंग होते. धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्याचा थेंब टाकला तरी तेच होतं.

क शाईचा ठिपका फुटून दोन झाला. पुढे पिरोजी निळा आणि त्याच्या मागे गुलाबीकडे झुकणारा जांभळा. कडा गडद, ओसंडणाऱ्या. रंग ठासून भरलेली शाई अशीच दिसते.

सगळ्यात बोलकी निघाली ती ब. फिका निळा रंग पाण्याबरोबर वर गेला, पण ठिपका जिथे ठेवला होता तिथे एक करडी काळी खूण हटून बसली. पाणी तिच्यावरून गेलं तरी ती हलली नाही. हे लोह. हिराकस आणि मायफळासारख्या तुरट द्रव्यातलं आम्ल एकत्र केलं की जे संयुग बनतं, ते बाटलीत असताना जवळजवळ बिनरंगी असतं. कागदावर हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते काळं पडून तंतूंत रुतून बसतं. लिहिताना अक्षर दिसावं म्हणून वरून थोडा निळा रंग घातलेला असतो. म्हणून ही शाई आज निळी आणि उद्या काळी. बँकेत आम्ही हिला ब्लू-ब्लॅक म्हणायचो. भारतीय मानकांमध्ये या शाईसाठी आयएस 220 आहे आणि त्याच्या नावातच 0.1 टक्का लोह लिहिलेलं आहे. नुसत्या रंगाच्या शाईसाठी वेगळं मानक, आयएस 1221. आपल्याकडच्या साहेबांनी हा भेद केव्हाच कागदावर आणला होता. दुकानात मात्र तिन्ही बाटल्या ‘ब्लू’ म्हणूनच शेजारी-शेजारी बसतात.

बाटल्यांचं बिंग इथेच फुटलं होतं. भाचीला तसं बोललो नाही.

मग लिहायला बसलो. अव्हेन्यू रोडवर वह्या-पुस्तकांच्या दुकानांची जी गर्दी आहे, तिथून स्वस्त शालेय वही, हिशेबाची जाड वही आणि बरा लेटरपॅड असे तीन कागद आणले होते. मजकूर मुद्दाम असा जुळवला की त्यात भ-म, ध-घ सारखे यावेत आणि क्ष, ष्ट, द्ध अशी गर्दीची जोडाक्षरं असावीत. कागदावर शाई फुटते की नाही, ते मुख्यतः त्याच्या खळीवर ठरतं. कागद बनवताना तंतूंना खळ नीट बसली असेल तर शाई वर राहते आणि जागच्या जागी वाळते. खळ कमी असेल तर तंतू तिला ओढून नेतात आणि रेघेला मिशा फुटतात.

स्वस्त वहीवर क शाईने माझा ध पहिल्याच ओळीत घ करून दाखवला. सांध्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे फुगवटे आले, आणि पान उलटलं तर मागच्या बाजूला शिरोरेषेच्या जागी ठिपक्यांची माळ उमटलेली. अक्षरं मागे दिसत नव्हती, फक्त सांधे दिसत होते. ओल्यावर ओलं पडतं म्हणजे काय, ते त्या माळेने दाखवलं. अ शाई सभ्यपणे वागली, पण फार ठळक दिसली नाही. ब जरा कोरडी चालते, निबेला किंचित खरखर जाणवते, मात्र तिची रेघ आखल्यासारखी राहिली. भ भच राहिला.

बऱ्या कागदावर पारडं फिरलं. तिथे क शाई आत मुरेना. वर थर करून बसली आणि वाळल्यावर त्या थराला तांबूस झळाळी आली. याला हौशी लोक शीन म्हणतात. रंग कागदावर दाट साठला की त्याचा पृष्ठभाग प्रकाश धातूसारखा परतवतो, त्याची ही करामत. आता गंमत बघा, हा थर सगळ्यात दाट कुठे बसणार? जिथे दोनदा शाई पडली तिथे. निळ्या अक्षरांवर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्याला तांबडा ठिपका. “मामा, इंग्रजीत हे असं दिसतच नाही!” भाची कागद तिरका करकरून बघत होती. मान्य करायला हवं, सुरेख दिसत होतं. मिनिटाभराने त्यावरून बोट फिरवलं, तर मजकुरावर निळा ढग पसरला.

शेजारचे निवृत्त मास्तर आमचा हा उद्योग गॅलरीतून बघत होते. त्यांना बोलावलं. “सार, आमच्या कन्नडलाही तुमचीच परीक्षा लावणार का?” म्हणत त्यांनी पेन घेतलं. कन्नड अक्षराला सबंध शब्दावरून जाणारी शिरोरेषा नाही. डोक्यावर एक छोटा फराटा असतो, तो बहुतेक अक्षराबरोबरच ओढला जातो. बाकी सगळी वळणं. निब कागदावरून न उचलता गोल फिरत राहते, आणि शाई त्या वेगाला पुरी पडली पाहिजे. मास्तरांना ब अजिबात आवडली नाही. वळणात ती तुटते म्हणाले, आणि खरोखर दोन ठिकाणी रेघ पांढरी पडली होती. क त्यांच्या हातात सुळसुळीत चालली. जोडाक्षरातलं खाली येणारं ओत्तक्षर तेवढं त्याच स्वस्त वहीत जरा भरून आलं, बाकी तक्रार नाही. तेच पेन, तोच कागद, आणि निकाल नेमका उलटा.

पाण्याची चाचणी घेताना आधी पाण्याचाच प्रश्न आला. बेंगळुरूत नळाला कावेरी असते किंवा बोअर असते. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, साधारण अर्धा किलोमीटर उंच चढवून आणलेलं. ज्यांना ते मिळतं ते नशीबवान. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. ते इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो. त्या पाण्याने पेन धुतलं की तोच थर फीडच्या खाचांत बसतो, आणि मग लोक शाईला दोष देतात. पेन धुवायला किंवा आटलेली शाई सैल करायला पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी वापरावं. ते डिस्टिल्ड असतं आणि शाईच्या बाटलीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं.

लिहिलेल्या कागदांवर मात्र आम्ही साधंच पाणी ओतलं, कारण रोजच्या वापरात कागदावर डिस्टिल्ड पाणी सांडत नाही. अ शाईचा मजकूर डोळ्यांदेखत गेला. उरला तो फिकट निळा डाग, आणि त्यात काय लिहिलं होतं ते सांगता येईना. तिचा हा धर्मच आहे, ती गणवेशावरून निघावी म्हणूनच बनवलेली आहे. क शाईतलं जांभळं वाहून गेलं आणि मागे पिरोजी भूत राहिलं. नेटाने वाचलं तर वाचता यायचं. ब शाईचा वरचा निळा रंग उतरला आणि खालून करडा मजकूर तसाच वर आला, कानामात्रेसकट.

न धुतली जाणारी शाई बघायची तर इथून दीडशे किलोमीटरच्या आत म्हैसूर आहे. नाल्वडी कृष्णराज वाडियारांनी 1937 मध्ये उभा केलेला रंगांचा कारखाना, आजचं मैसूर पेंट्स अँड वार्निश. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लागणारी शाई इथली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीशी संयोग पावून उजेडात काळं पडतं आणि कातडी झडेपर्यंत राहतं. लावताना जांभळट आणि मागाहून काळी. ब्लू-ब्लॅकची दूरची बहीणच म्हणायची, दोघींमध्ये टिकणारा रंग मागाहून येतो. पेनात मात्र तिला घालता येणार नाही.

आणखी एक परीक्षा या गावात आपोआप होते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. मुंबईपेक्षा इथे हवेचा दाब साधारण दहा टक्क्यांनी कमी. मुंबईत अर्धं भरलेलं जुन्या पद्धतीचं, थेट पोटात शाई ओतायचं पेन खिशात घालून इथे आलात, तर पोटातली दीड मिलीलिटर हवा नवव्या हिश्श्याने फुगते. तेवढी शाई, म्हणजे तीन-चार थेंब, कुठेतरी जाणारच. विमानाच्या केबिनमध्ये दाब याहूनही कमी असतो. प्रवासात पेन काठोकाठ भरलेलं असावं नाहीतर रिकामं, आणि निब वर. मार्च महिन्यात इथली दुपार इतकी कोरडी होते की टोपण उघडं ठेवून चहा घेऊन आलात तर निब सुकलेली सापडते. कोकणात हीच शाई तासभर निवांत राहील. शाई चटकन सुकू नये म्हणून तिच्यात ग्लायकॉलसारखं काहीतरी घातलेलं असतं. ते जास्त असलं की पावसाळ्यात लिहिलेलं वाळत नाही. बंदराच्या गावात उत्तम ठरलेली शाई पठारावर रुसते ती अशी.

उन्हासाठी तिन्ही पट्ट्या दक्षिणेच्या खिडकीत लावल्या, अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा. कापडाच्या धंद्यात रंगाचा पक्केपणा मोजायला निळ्या लोकरीच्या आठ इयत्ता असतात. आमच्याकडे पुठ्ठा होता. पावसाळा संपून लख्ख ऊन पडू लागल्यावर काढून पाहिलं. अ शाईची उघडी बाजू जुन्या धुतल्या कापडाच्या रंगाला आलेली. क शाईतलं जांभळं इथेही आधी पळालं आणि पिरोजी राहिलं. गाळण कागदावर तिचे जे दोन रंग सुटे दिसले होते, त्यातला कच्चा कुठला ते उन्हानेही सांगितलं. ब शाईचा निळेपणा संपूर्ण गेला, अक्षर गेलं नाही.

शेवटची चाचणी माझ्या धंद्यातली. चेक आता शाखेतून शाखेत फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते. पुढच्या बाजूची एक करड्या छटांमधली, एक निव्वळ काळी-पांढरी, आणि मागच्या बाजूची काळी-पांढरी. काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत छटा नसतात. शाई एका ठरावीक गडदपणाच्या वर असेल तर काळी, नाहीतर नाहीच. म्हणूनच रिझर्व्ह बँक प्रतिमेत उठून दिसेल अशी शाई वापरा म्हणते, आणि चेकवर तारखेची मुदत वाढवण्याखेरीज दुसरी खाडाखोड चालत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तिन्ही नमुने अशा निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून घेतले. अ शाईची अक्षरं आली, पण बारीक शिरोरेषा जागोजाग तुटली. घ चा ध झाला. म्हणजे क ने जी चूक शाई जास्त घालून केली, तिची उलटी चूक अ ने शाई कमी पडून केली. क आणि ब दोन्ही काळ्याभोर आल्या.

भाचीने फोन उघडून नावं वाचली. बिंग मी आधीच ओळखलं होतं हे तिलाही कळलं असावं, कारण ती चिडली नाही. ती क भरणार आहे, पण चांगल्या कागदावर, वाढदिवसाच्या पत्रांना. मास्तरांनीही क ची एक छोटी बाटली भरून नेली. शाळेत जाणाऱ्या पोराला मी अ च देईन, त्याच्या आईला निदान सदरा धुता येईल.

माझ्या पेनात ब आहे. तिला रोज लिहावं लागतं. आठवडाभर पेन पडून राहिलं तर फीडमध्ये लोहाचा गाळ धरतो. तो साध्या पाण्याने निघत नाही. क जीवनसत्त्वाची चिमूटभर पूड बॅटरीच्या पाण्यात विरघळवून त्यात निब रात्रभर ठेवली की मोकळी होते. तेवढी खातिरदारी करायची तयारी नसेल तर ही शाई घेऊ नये.